घड्याळजीचा डबा

'जिव्हाळ्यापोटी लिहिलेला, बिनपुराव्याचा लेख. वगळावा,' असं टाइप करून त्यानं खाली सही उमटवली आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. सही म्हणजे खरं नाव नव्हे. त्या ज्ञानकोशात तो 'चाळणी' होता. चौदा वर्षं झाली होती, आणि खरं नाव तिथं कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही सांगितलं नव्हतं.

ज्ञानकोश इंटरनेटवरचा, लोकांनी हौसेनं चालवलेला. त्यात कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं. लिहिणाऱ्यांना तोटा नव्हता. 'पूलताई' या नावानं लिहिणाऱ्या एका बाईंनी नऊशे पुलांवर लेख लिहिले होते. एक निवृत्त न्यायाधीश फक्त गोगलगायींवर लिहायचे आणि त्यांच्या एका शब्दाला हात लावला तर तीन-तीन पानी निकाल द्यायचे. खोडणारे मात्र मोजके, आणि त्यात चाळणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. उभा जन्म छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर हे रान मोकळं मिळालं. कुणी आपल्या आजोबांवर भाबडेपणानं चार ओळी लिहिल्या, की हा प्रत्येक वाक्यापुढं दोन शब्द डकवायचा, 'संदर्भ हवा'. सात दिवस वाट बघायची, मग लेख साफ. माणसं रडकुंडीला येत, हातापाया पडत, शिव्या देत. तो सगळ्यांना एकच उत्तर देई: नियम सर्वांना सारखे. लोकांनी त्याला प्रचालक केलं, म्हणजे पानं पुसायचा अधिकार दिला, आणि 'उल्लेखनीय योगदानकर्ते' या पानावर त्याचं नाव तिसरं होतं. पहिल्या दोघांच्या चुका त्याला पाठ होत्या.

जिन्यावर पावलं वाजली. त्यानं स्क्रीनवरची खिडकी मिटवली आणि वर्तमानपत्र पुढं ओढलं.

धाकटी आली. धाकटी म्हणजे बहीण. वय सत्तरीला टेकलं तरी घरात तीच धाकटी. पस्तीस वर्षं परिचारिका होती, नवरा गेल्यावर खालच्या खोल्यांत राहायला आली. सकाळचा चहा दोघं वरच घ्यायची.

"दादा, बघितलंस का? माझ्या लेखावर पाटी लावलीय कुणीतरी."

"कसली पाटी?"

"वगळावा म्हणून. कोण एक चाळणी आहे म्हणे. काय नाव तरी माणसाचं!"

"नियमानं वागत असेल बिचारा," तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला. "नातेवाइकांनी लिहिलेलं चालत नाही तिथं."

"मग कुणी लिहायचं? बाबांना ओळखणारं आता दुसरं उरलंय कोण?"

"ज्यांच्याबद्दल कुठं छापून आलंय, त्यांच्याबद्दलच लिहायचं असतं."

"आलं होतं की छापून. मनोऱ्यावरचं घड्याळ चालू झालं तेव्हा. कात्रण बाबांच्या डब्यात आहे, आणि डबा तुझ्या कपाटात." तिनं त्याच्यापुढं कप सरकवला. "तेवढं शोधून दे. सात दिवस आहेत म्हणे."

"बघतो," तो म्हणाला.

वडील घड्याळजी होते. नगरभवनाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ नऊ वर्षं बंद पडलं होतं, बाहेरून आलेल्या दोन कारागिरांनी हात टेकले होते, ते वडिलांनी एका महिन्यात चालू केलं. धाकटीनं लेखात हे सगळं सरळसोट लिहिलं होतं, आणि लिखाण तसं बरं होतं. त्याचं डोकं फिरलं ते शेवटच्या एका वाक्यानं: 'शेवटची खीळ आपल्या अकरा वर्षांच्या मुलानं बसवली, असे हात मला लाभले नाहीत, असं घड्याळजींनी त्या वेळी वार्ताहराला सांगितलं.'

खीळ त्यानंच बसवली होती, ते खरं. मोठ्या चाकामागं इतकी अरुंद फट होती, की मोठ्या माणसाचा पंजा आत जाईना. वडिलांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्यानं कोपरापर्यंत हात घालून, काही दिसत नसताना, नुसत्या बोटांच्या अंदाजानं खीळ ठोकली. खाली उतरल्यावर वडील चकार शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात पायऱ्यांवर उभ्या असलेल्या वडिलांचं एकट्याचं छायाचित्र आलं. त्यानं ते बघितलं आणि मजकूर न वाचताच पेपर पालथा टाकला. पुढं पंधराच दिवसांत दुकानात एका गिऱ्हाइकाचं मनगटी घड्याळ त्याच्या हातून निसटलं, आणि वडील चारचौघांत म्हणाले, "ऊठ तिथून. हे हात घड्याळाचे नव्हेत." त्यानंतर त्या बाकावर तो कधी बसला नाही. वडील गेल्यावर थोरला म्हणून हत्यारांचा डबा त्याच्याकडे आला, तेव्हाही त्यानं तो न उघडता कपाटाच्या तळाशी सारला.

आणि आता ही सांगत होती, बाबा असं म्हणाले होते. कनवाळू बाई. पस्तीस वर्षं रोग्यांना 'काही होत नाही हं' म्हणत आली, आता भावाला गोड औषध पाजायला निघाली होती. त्याला तिची कणव नको होती. त्या वाक्यापुढं 'संदर्भ हवा' लावताना त्याची बोटं जरा जास्तच जोरात आपटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आजारी मैत्रिणीला भेटायला गेली, तेव्हा त्यानं डबा काढला. त्याआधी तो ग्रंथालयाला फोन करून बसला होता. ते दैनिक केव्हाच बंद पडलं होतं, त्याच्या फायली रद्दीत गेल्या होत्या, आणि ग्रंथालयाच्या संग्रहात नेमकं ते वर्ष नव्हतं. म्हणजे जगात त्या बातमीची प्रत एकच, आणि ती त्याच्या मांडीवर.

झाकण सहज उघडलं. आत चिमटे, पेचकस, भिंगं ओळीनं मांडलेली, तेलानं चकाकत होती. वर एक पांढरं स्वच्छ फडकं, आणि फडक्यात चौघडी केलेलं कात्रण. घडीच्या बाहेरच्या बाजूला मथळ्याचा अर्धा भाग दिसत होता, 'मनोऱ्यावरील घड्याळ अखेर', आणि खाली वडिलांचा एक खांदा आणि अर्धा कान.

कात्रण उघडायला त्यानं अंगठा घडीत घातला, आणि काढून घेतला. आत काय असणार हे त्याला ठाऊक होतं. वडिलांचं कौतुक, वडिलांची चिकाटी, वडिलांचे कुशल हात. ते वाक्य त्यात नसणार याची त्याला खात्री होती, पण ते नसलेलं डोळ्यांनी बघायची त्याची तयारी नव्हती, हेही तितकंच खरं. आणि कात्रण दाखवलं तर लेख राहणार. वडील राहणार, कायमचे, त्यानं चौदा वर्षं झाडूनपुसून ठेवलेल्या घरात.

त्यानं बेसिनमध्ये पाणी सोडलं आणि कात्रण घडीसकट त्यात बुडवलं. जुना कागद लगेच मऊ पडला. तो बोटांनी चुरत राहिला. छापखान्यातल्या शाईचा वास आला, ओळखीचा. लगद्याचा एवढासा गोळा झाला, तो पिळून त्यानं कचऱ्याच्या डब्यात चहाच्या चोथ्याखाली दाबला, हात साबणानं धुतले आणि डबा होता तसा बंद केला.

"नाही गं काही त्यात," संध्याकाळी तो म्हणाला. "नुसती हत्यारं."

"नीट बघितलंस?"

"सगळा डबा उपसला."

"हत्यारं गंजली असतील ना?"

"नाही, चांगली आहेत. फडक्याखाली होती."

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. रोग्याच्या अंगातला ताप मोजावा तशी ती बघत राहिली, मग म्हणाली, "बरं," आणि कप विसळायला उठली.

चर्चेच्या पानावर पूलताईंनी लिहिलं, 'लेख मनापासून लिहिलाय. कात्रण मिळालं तर बाकीची डागडुजी मी करीन. चाळणी, आणखी आठवडाभर थांबता येईल का?' त्यानं उत्तर दिलं, 'नियम सर्वांना सारखे.' गोगलगायवाल्या न्यायाधीशांनी चाळणीच्या बाजूनं दीड पान लिहिलं. सहाव्या दिवशी 'घड्याळजीची मुलगी' या सदस्याची एक ओळ आली: 'कात्रण होतं, आता नाही. माझी हरकत नाही.' त्याला थोडं आश्चर्य वाटलं. लोक इतक्या सहजी सोडत नाहीत, हा त्याचा अनुभव होता. वगळायची सूचना ज्यानं मांडली त्यानंच निकाल द्यायचा नाही असा नियम असल्यामुळं सातव्या दिवशी पूलताईंनीच लेख वगळला आणि कारणात लिहिलं, 'खेदानं.'

त्या दिवशी धाकटी चहाच्या वेळी रिकाम्या हातानं वर आली.

"डबा दे, दादा. हत्यारं मी सांभाळते."

त्यानं काढून दिला. तिनं तो टेबलावर उघडला, फडकं बाहेर काढलं, झटकलं आणि घडी घालू लागली.

"हे फडकं माझं आहे," ती म्हणाली. "तू डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होतास ना, तेव्हा मी हत्यारांना तेल लावलं. कात्रण यात गुंडाळून सगळ्यांत वर ठेवलं, तुला उघडल्याबरोबर दिसावं म्हणून."

हजारो पानांतून एक चुकलेली वेलांटी टिपणाऱ्या माणसाला चाळीस वर्षं न उघडलेल्या डब्यातलं कोरं फडकं दिसलं नव्हतं.

"खोली झाडायला आले होते तेव्हाच. स्क्रीन चालू ठेवून गेला होतास तू. चाळणी कोण, तेही तेव्हा कळलं."

"मग लेख कशाला लिहिलास?" त्याचा आवाज चढला. "माहीत होतं, तर माझ्याच तोंडावर कशाला आणून टाकलास?"

"लेख गेला खड्ड्यात. तू डबा उघडावास म्हणून लिहिला. बाबा गेल्यापासून सांगतेय, एकदा ते कात्रण वाच. तू विषय निघाला की उठून जातोस. म्हटलं, बहिणीचं नाही ऐकत, नियमाचं तरी ऐकेल. संदर्भ उघडून बघितल्याशिवाय चाळणी निकाल देत नाही, असं तिथं सगळे म्हणतात." तिनं घडी घातलेलं फडकं टेबलावर ठेवलं. "फाडलंस की जाळलंस?"

"भिजवलं."

"असू दे. वाचलंस ना पण? मला तेवढंच हवं होतं."

खाली रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिचं एक चाक करकरत होतं आणि ते वळणापर्यंत ऐकू येत राहिलं.

"दादा?"

तो टेबलाच्या कडेवरचा डाग नखानं खरवडत होता.

"न वाचताच?" ती म्हणाली, आणि खुर्चीचा हात चाचपत खाली बसली. तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि तो असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"ते वाक्य," तो शेवटी म्हणाला. "हातांचं. खरंच छापलं होतं का तसं?"

"मी हो म्हटलं तर पटेल तुला?"

त्यानं तोंड उघडलं. हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण ती सख्खी बहीण, तिला त्याची दया येते, पुरावा नाही, दुसरा साक्षीदार नाही, आणि साठ वर्षांपूर्वीची आठवण. असल्या सांगण्याला तो काय म्हणतो हे त्यानं हजारो लोकांना लिहून कळवलं होतं.

"बघ," ती म्हणाली. "आणि नाही म्हटलं, तर तेही पटायचं नाही. आता खरं की खोटं, रात्रंदिवस तेच करत बसशील तू." ती उठली, डबा काखेत घेतला. दारात थांबून म्हणाली, "चहा उद्यापासून खालीच घेईन म्हणते. जिना चढवत नाही."

तो पावलं मोजत बसला. सोळा पायऱ्या ती न थांबता उतरली.

वगळलेली पानं ज्ञानकोशातून पूर्ण नाहीशी होत नाहीत. वाचकांना ती दिसत नाहीत, लिहिणाऱ्याला दिसत नाहीत, पण प्रचालकांना उघडता येतात. तो रोज सकाळी एकट्यानंच चहा करतो, खिडकी उघडतो, आणि दुसरं कुठलंही काम हातात घेण्याआधी ते पान काढतो. वरच्या ओळी सोडून थेट शेवटी येतो. वाक्य सावकाश वाचतो, पूर्णविरामापर्यंत. पूर्णविरामाच्या पुढं, बारीक निळ्या अक्षरांत, त्याचे स्वतःचे दोन शब्द आहेत: संदर्भ हवा.