जुन्नरच्या खाऊफेरीचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. लग्नाच्या मांडवावर बांधतात तो नव्हे, आणि प्रचाराच्या जीपवरून गावाला वैताग देतो तोही नव्हे. मी हातात धरून बोलायचा, पांढऱ्या तोंडाचा आणि लाल मुठीचा. पूर्वी बटण दाबून कोणी हळू आवाजात बोललं, तरी चौकातली माणसं वळून बघत. आता माझा रंग पिवळट पडला आहे, मुठीला चिकटपट्टी आहे आणि बोलताना मध्येच खर्रर्र होतं. पण म्हातारपणी बोलायला मिळालं तर कोण सोडतो? तेव्हा बसा आणि ऐका.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या भावंडांपैकी काही शाळांमध्ये गेली, काही पोलिसांकडे गेली, आणि एक तर सर्कशीत लागला म्हणतात. मला रखमाजींनी नेलं. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. रखमाजी एसटीतून नुकतेच रिटायर झालेले कंडक्टर. "ओतूर, पिंपरी पेंढार, आळेफाटा" असं स्टँडवर उभं राहून ओरडण्यात त्यांच्या गळ्याची वाट लागली होती. म्हणून तर त्यांना माझी गरज पडली.

घरी बसून करायचं काय, हा त्यांच्यापुढे प्रश्न नव्हताच. नोकरीत असतानाच त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. पाहुणे जुन्नरच्या स्टँडवर उतरत, शिवनेरी कुठं आणि लेण्याद्री कुठं एवढं विचारत, चढून उतरत आणि परतीची गाडी धरत. रखमाजींना याचा फार राग यायचा.

"जुन्नर म्हंजे यास्नी नुसत्या पायऱ्याच वाटत्यात राव," ते म्हणायचे. "मधी एवढं गाव हाय, गावात माणसं हायत, माणसांच्या घरी चुली हायत. त्या कोण बघणार?"

त्या चुली दाखवायच्या म्हणून त्यांनी खाऊफेरी काढली. रविवारी, बाजाराच्या दिवशी, स्टँडपासून फेरी निघे. पुढे रखमाजी, त्यांच्या हातात मी आणि मागे पाहुण्यांची रांग. बाजारात मिरच्यांच्या ढिगांजवळ पहिलं थांबणं. तिथून रविवार पेठेत रखमाजींच्या ओट्यावर, त्यांच्या बायकोची, साळुबाईंची मासवडी खायला. मग हाताने कागद बनवणाऱ्या जुन्या कारागिरांच्या गल्लीतून वाट काढत बदरुद्दीनभाईंच्या बेकरीवर, लाकडाच्या भट्टीतली नानकटाई खायला. बदरुद्दीनभाई बोलायचे कमी, पण कोणी एकच नानकटाई घेतली तर दुसरी मुकाट्याने हातात ठेवायचे.

रखमाजींचा एक कायदा होता. "आधी तोंडात, मंग कानात!" पाहुण्याने घास घेतल्याशिवाय ते त्या पदार्थाबद्दल अवाक्षर काढत नसत. एकदा एक प्राध्यापक वही उघडून म्हणाले, आधी माहिती सांगा. रखमाजींनी मला सरळ खाली धरलं आणि ते गप्प उभे राहिले. शेवटी प्राध्यापकांनी मासवडी तोंडात टाकली, रस्सा भुरकला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि वही मिटून ते म्हणाले, "अजून एक मिळेल का?" मग कुठे माझं बटण दाबलं गेलं.

फार सुंदर दिवस होते ते, मित्रांनो. एकाच सकाळी माझ्या नाकातोंडात मिरचीचा खाट, तिळाचा खमंग वास आणि भट्टीचा धूर जायचा. गल्लीतल्या बाया वरून हाका मारायच्या, "आला का रं भोंगा?" मला वाटायचं, गाव माझ्यामुळेच जागं होतं. वाटायचं झालं! भोंग्याला स्वतःचं असं काही बोलता येत नाही, हे मी तेव्हा सोयीस्करपणे विसरत असे.

मग रखमाजींचा गळा आणखी बिघडला. बोलता बोलता आवाज फाटू लागला, मध्येच हवा निघू लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं कमी करा, नाहीतर एक दिवस आवाज कायमचा जाईल. रखमाजी घरी आले आणि मला मांडीवर घेऊन पुसत बसले. त्यांना आवाजाचं दुःख होतं, पण त्याहून मोठी काळजी फेरीची होती. आपल्यामागे हिला पुढे नेणार कोण? मुलगा अमृत चाकणला कंपनीत होता. "आण्णा, मला रविवारची बी शिफ्ट असती. कसं जमायचं?" एवढं म्हणून तो मोकळा झाला.

रखमाजींची नजर होती आबेदावर. आबेदा ही बदरुद्दीनभाईंची सून, माहेर आंबेगाव तालुक्यातलं घोडेगाव. बेकरीच्या गल्ल्यामागे उभी राहून तिने रखमाजींचं बोलणं इतक्या रविवारी ऐकलं होतं, की ते कुठे थांबतात आणि कुठे खोकतात तेही तिला पाठ होतं. साळुबाईंकडून तर ती मासवडी वळायलासुद्धा शिकली होती. पण मला तिच्यापुढे धरलं, की ती दोन पावलं मागे सरायची.

"नको वो मामा. चार मान्सं समोर दिसली की मला घाम फुटतो."

"अगं, मलाबी पैल्यांदा फुटला व्हता."

"तुमी कंडक्टर व्हता. मी नाय."

असं ते सालोसाल चाललं. दोन हजार साल उलटलं. पाहुणे आता स्वतःच्या गाड्यांतून येत, गड बघून परस्पर हायवेला जेवत. फेरीचे रविवार रिकामे जाऊ लागले. रखमाजी स्टँडवर मला घेऊन उभे राहत आणि तसेच परत येत. अशात एका हिवाळ्यात पुण्याहून स्नेहलताई नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांचा महिला-पुरुषांचा मोठा गट लेण्याद्रीच्या दर्शनाला येणार होता, एक बसभर माणसं. दर्शन झालं की दुपारनंतर तुमची फेरी करू, त्या म्हणाल्या. वार बाजाराचा नव्हता, तरी रखमाजी आनंदाने हो म्हणाले. फेरी उभी राहिली तर अशा मोठ्या गटांवरच राहील, हे त्यांना कळत होतं.

रखमाजींना एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ, आसपासच्या बाजारांचे वार तोंडपाठ. पण उपासतापास त्यांच्या गावीही नव्हते. साळुबाई त्यावरून त्यांना नेहमी बोलत. त्या दिवशी साळुबाईंनी पहाटेपासून खपून परातभर मासवड्या केल्या. संकष्टी आहे हे त्यांना माहीत होतं, पण पाहुणे गणपतीचं दर्शन घेऊन येणार आहेत हे नवऱ्याने त्यांना सांगितलंच नव्हतं.

ओट्यावर पानं मांडली. रश्श्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पाहुणे आले, बसले आणि कोणीच हात लावेना. रखमाजींनी मला उचललं. "घ्या पावणं! आधी तोंडात, मंग कानात!"

स्नेहलताई संकोचून उठल्या. "काका, आज चतुर्थी आहे. आम्ही चंद्र बघून सोडतो. आम्हाला वाटलं, जेवण रात्री शेवटी असेल."

साळुबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, लेण्याद्रीची मान्सं चवथीला येत्यात, ती काय जेवाया येत्यात व्हय?"

रखमाजी कसनुसे हसले. "बरं बरं, ऱ्हाऊ द्या. बेकरीत..." आणि तिथेच त्यांची जीभ अडली. रमजान चालू होता. बेकरीत भट्टी पेटलेली असली, तरी बदरुद्दीनभाईंच्या घरात पहाटेपासून पाण्याचा थेंब कोणी घेतला नव्हता. खाऊफेरीत खाणारे उपाशी आणि खिलवणारेही उपाशी! अशी चूक आमच्या रखमाजींनीच करावी. जुन्नरात पुढे कित्येक महिने हा किस्सा पुरला.

पण त्या दुपारी कोणाला हसू येत नव्हतं. खाणं नाही म्हटल्यावर फेरी नुसत्या बोलण्यावर तारायची होती, आणि बोलणारा गळा आधीच फाटलेला. रखमाजींनी हट्टाने तेच केलं. ओट्यापासून बेकरीपर्यंत ते बोलत राहिले, घसा खरवडून, थांबत, खोकत. बेकरीच्या दारात त्यांनी मला तोंडाशी धरलं, बटण दाबलं आणि माझ्यातून नुसती हवा बाहेर पडली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. माझं बटण ठीक होतं. आवाज त्यांचा गेला होता.

पाहुणे चुळबुळू लागले. कोणीतरी म्हणालं, "चला, बसमध्ये जाऊन बसू." दोघं-तिघं वळलेसुद्धा. आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नाही.

तेवढ्यात गल्ल्यामागून आबेदा बाहेर आली. ओढणी सारखी केली आणि रखमाजींच्या हातातून मला काढून घेतलं. तिचा तळवा घामाने ओला होता. बटण दाबलं, पण शब्द येईना. आत कणीक मळणाऱ्या बदरुद्दीनभाईंनी हात थांबवला आणि ते म्हणाले, "बोल बेटा. मी हाय हितं."

"पावणं, जरा थांबा," आबेदा म्हणाली. आवाज बारीक होता, पण माझ्यातून निघाला तो गल्लीभर झाला. "तुमी सकाळधरनं उपाशी. मी बी उपाशी. तवा आज खायाचं नाय, आज निसतं आयकायचं. मासवडी ठावं हाय? नाव माशाचं, पर मासा नाय त्यात कायबी. आधी तीळ भाजायचं. भाजतानी एक-एक तीळ उडतो, तो पोरांनी उचलायचा. मंग सुकं खोबरं, निखाऱ्यावर धरून, कडा काळ्या होईस्तवर..."

वळलेली माणसं परत आली. आबेदाने बेसन घोटलं, ओल्या फडक्यावर थापलं, त्यावर सारण पसरलं, फडक्याचं टोक उचलून अलगद गुंडाळी केली. हे सगळं नुसतं बोलून! एक आजोबा डोळे मिटून ऐकत होते. एक बाई म्हणाली, "अगं बाई, पुरे, जीव जाईल!" आणि सगळे हसले. आबेदाही हसली. मग कागद बनवणाऱ्यांची गोष्ट आली, त्यांच्या लगद्याच्या हौदांची आली, भट्टीत लाकूड कोणतं घालतात ते आलं. रखमाजी पायरीवर बसून एकटक तिच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचं त्यांना भान नव्हतं.

सूर्य मावळला. बदरुद्दीनभाईंच्या घरी खजूर वाटले, त्यांचा रोजा सुटला. पण पाहुणे चंद्रासाठी थांबलेले बघून त्यांनी जेवण पुढे ढकललं. "मेहमान उपाशी अन आमी जेवायचं व्हय?" एवढंच ते बोलले. कांदा-लसूण न चालणाऱ्यांसाठी साळुबाईंनी घाईने उकडीचे मोदक लावले. चंद्र डोंगराआडून वर आला, तेव्हा बेकरीच्या गच्चीवर एकच पंगत बसली. असं जेवण मी पुन्हा पाहिलं नाही.

रखमाजींचा आवाज काही परत आला नाही. कुजबुज तेवढी राहिली. फेरी मात्र आबेदाची झाली आणि चांगली चालली. स्नेहलताईंनी पुण्यात जाऊन ज्याला त्याला सांगितलं. रविवार पुन्हा भरू लागले.

माझे दिवस मात्र फिरले. आबेदाला कोणीतरी गळ्यात अडकवायचा छोटा माइक आणून दिला. हलका होता, हात मोकळे राहत. तिचं काय चुकलं? मी बेकरीतल्या फळीवर मैद्याच्या पोत्यांच्या वर जाऊन बसलो. सेल तसेच आत राहिले. त्यांना पाणी सुटलं, स्प्रिंगा हिरव्या पडल्या, आणि मी मुका झालो. खालून फेरी जायची, हसण्याचे आवाज यायचे. आपल्याशिवाय सगळं छान चाललंय, हे ऐकत बसणं सोपं नसतं, मित्रांनो.

एक दिवस आबेदाने मला खाली घेतलं. लिंबाची फोड घासून तिने स्प्रिंगा लख्ख केल्या, नवे सेल घातले. "मामांना आता छोट्या माइकचं आयकू येत नाय," ती मला म्हणावं तसं पुटपुटली. रखमाजी खूप थकले होते. त्यांचं चालणं बंद झालं होतं, ऐकू कमी येत होतं. आणि तिच्या लक्षात आलं होतं, की ज्या माणसाने अख्ख्या जगाला फेरीत फिरवलं, तो स्वतः त्या फेरीत पाहुणा म्हणून एकदाही आला नव्हता.

त्या रविवारी बेकरीच्या पावाच्या हातगाडीवर गोधडी घातली, त्यावर रखमाजींना बसवलं. गाडी ढकलायला अमृत रजा काढून आला होता. बाजारातून, पेठेतून फेरी ओट्यावर आली. साळुबाईंनी मासवडी रश्श्यात कुस्करून त्यांना घास भरवला. मग आबेदाने बटण दाबलं आणि मी बोलू लागलो. तीळ, खोबरं, फडकं, गुंडाळी. मध्येच रखमाजींनी हात वर केला. आबेदा चपापून थांबली. "चुकलं का मामा कायतरी?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि बोटाने रिकामी वाटी दाखवली. त्यांना अजून हवं होतं.

मित्रांनो, एखादी वस्तू ठेवून देताना तिच्यातले सेल काढून ठेवा, एवढं माझ्यासाठी करा. आणि तुमच्या घरात जो जन्मभर सगळ्यांना वाढतो, वाट दाखवतो, गोष्टी सांगतो, त्याला एकदा पानावर बसवा आणि तुम्ही वाढा. त्यात फार दिवस घालवू नका. आम्ही वेळेत पोचलो, पण अगदी थोडक्यात. पुढच्या रविवारी ओट्यावर रखमाजी नव्हते.