समासातला पेन्सिलीचा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. डाव्या बाजूला स्पॅनिश शब्द आणि उजव्या बाजूला त्यांचे इंग्रजी अर्थ, असा माझा संसार. माझा जन्म बार्सिलोना शहरातल्या एका छापखान्यात झाला. तांबडं कापडी कव्हर, पाठीवर सोनेरी अक्षरं. त्या वेळी मी दिसायलाही राजबिंडा होतो! चिली देशातल्या ग्रासिएला नावाच्या परिचारिकेनं मला विकत घेतलं आणि १९५३ साली तिच्या पत्र्याच्या पेटीतून मी वर्धा जिल्ह्यात येऊन पोचलो.

सिंदी मेघेच्या बाहेर, तुरीच्या शेताला लागून, सुईणीचं काम शिकवणारं एक छोटं केंद्र होतं. ग्रासिएला तिथं शिकवायला आली. गावच्या बायांनी आठवडाभरात तिची 'गिरजाबाई' करून टाकली. तिला मराठी येत नव्हती आणि इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे माझ्यावाचून तिचं पान हलत नसे. एरंडेलाच्या हातानं ती मला उघडायची. माझ्या अंगावर डाग पडले आणि मी मनातल्या मनात कुरकुरलो. पण खरं सांगू, कामाला येण्यासारखं सुख नाही.

तिथं शिकायला अल्लीपूरची कोकिळा होती. लग्नानंतर वर्षभरातच तिचं कुंकू पुसलं गेलं. सासू मनकर्णाबाई दुष्ट नव्हती, पण रीत म्हणजे रीत. घरात बारसं असलं की कोकिळेनं मागच्या खोलीत बसायचं, आणि बाळंतिणीवर तर तिची सावलीही पडू द्यायची नाही. केंद्रात तिनं पहिल्यांदा एक बाळ हातात घेतलं, तेव्हा ती हसता हसता रडली. इथून परत जाणं म्हणजे पुन्हा ती मागची खोली, आणि तेवढ्या एकाच गोष्टीची तिला धास्ती होती.

एकदा वच्छलाबाई नावाची बाई अडली. इकडे बाळंतिणीच्या पाठीशी एक बाई बसवतात. बाळंतीण तिच्या अंगावर सगळा भार टाकते आणि कळ देते. वच्छलाबाईनं खोलीत नजर फिरवली आणि म्हणाली, "कोकिळे, तूच बस वं मांगं."

"मी? मावशी, माह्या कपाळाकडे तं पाहा."

"कपाळ घेऊन काय करू? मले पाठ पाह्यजे!"

कोकिळा बसली. सकाळची बसलेली ती उन्हं कलेपर्यंत जागची हलली नाही. वच्छलाबाईनं तिला रेटलं, तिचे दंड ओरबाडले, एकदा तर चावलीसुद्धा. शेवटी गुटगुटीत मुलगी झाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात केंद्राची तपासणी करायला डॉक्टर अंबुजम आल्या. त्या मद्रासकडच्या, अंगानं भारदस्त आणि स्वभावानं करड्या. ज्या मुली कामाच्या नाहीत त्यांना घरी पाठवायचं, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यांनी हिंदीतून एकेकीला विचारलं, तू काय केलंस? एकीनं पाणी उकळलं होतं, एकीनं नाळ बांधली होती. कोकिळेची पाळी आली. आता आपल्या तोंडानं आपली बढाई मारायची नाही, हे या मातीतल्या बायांना बाळकडूतच मिळालेलं असतं. ती पदर सावरत म्हणाली, "म्या काई नाई केलं जी. नुसती बसून होती."

झालं! डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. बसून राहणारी मुलगी त्यांना नको होती.

ग्रासिएला तीरासारखी पुढं आली. "आग्वांतार! आग्वांतार!" असं म्हणत तिनं मला उघडलं. माझा ऊर भरून आला, म्हटलं, आता माझी पाळी. तिनं बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "एन्ड्युअर. टॉलरेट." म्हणजे सोसणं, खपवून घेणं.

"काम नाइलाजानं खपवून घेतलं?" डॉक्टर म्हणाल्या. "मग तर ती घरीच बरी."

ग्रासिएलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कोकिळा आपली पिशवी आणायला वळली. माझ्यात हजारो शब्द होते, आणि हवा तो एक नव्हता.

तेव्हा खाटेवरून वच्छलाबाई गरजली, "खोटं काऊन बोलून राह्यली वं, कोकिळे? चाल, बस पाहू खाली! आन् डाक्टरीणबाई, तुमी या अठी. बसा तिच्यासमोर, पाठ तिच्याकडे करून. टेका. आंग सोडा. आता पायानं रेटा!"

बाळंतिणीचा शब्द कोण मोडणार? डॉक्टर बसल्या, आधी जराशा टेकल्या, मग निम्म्या, मग सगळा भार टाकून त्यांनी जोरानं रेटलं. मागं ती काडीएवढी पोर, पण तसूभर हलली नाही. डॉक्टरांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांत त्या अशा कुणाला टेकल्या नव्हत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

उठल्या तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पेन्सिल," त्या म्हणाल्या. आणि माझ्या समासात, 'आग्वांतार' शब्दाशेजारी, त्यांनी स्वतः इंग्रजीत अर्थ लिहिला: 'दुसऱ्याचा सगळा भार अंगावर घेणे आणि न हलणे.'

कोकिळा केंद्रात राहिली. पुढं तळेगावला सुईण म्हणून तिची नेमणूक झाली. पहिल्याच बारशाला तिथल्या बायांनी तिला पाळण्याशी बसवलं.

१९५८ साली ग्रासिएला मायदेशी परतली आणि जाताना मला कोकिळेच्या हाती देऊन गेली. कोकिळेला ना स्पॅनिश येते, ना इंग्रजी. माझी सोनेरी अक्षरं झिजली, पानं वाळवीनं चाखली, आणि कित्येक वर्षांत मला कुणी उघडलेलं नाही. पण मित्रांनो, कीव करू नका. तिच्या दवाखान्यात बाळांना तोलायचा काटा ज्या टेबलावर आहे, त्याचा एक पाय आखूड आहे. त्या पायाखाली आता मी आहे. रोज नवं बाळ येतं, वर रडतं, हातपाय झाडतं. टेबल डगमगत नाही.

एवढंच मागणं आहे. कधी तळेगावला आलात, तर खाली वाकून माझ्यावरची धूळ पुसा. आणि तुम्ही ज्याच्यावर टेकून आहात, त्याच्याकडे एकदा मागं वळून बघा; तो आपणहून सांगायचा नाही. विचारलंत, तर म्हणेल, नुसता बसून होतो.