बेसिन होता होता राहिलेली मोटारसायकल

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि एका रविवारी सकाळी दहा वाजता माझं बेसिन होणार होतं. लोणावळ्याच्या एका हॉटेलात, जेवणाच्या हॉलबाहेर. पेट्रोलची टाकी वरून कापायची, तिच्यात स्टीलचं भांडं बसवायचं आणि हँडलमधून नळ काढायचा, असं ठरलं होतं. आरसा माझ्याकडे आधीपासूनच होता. हॉटेलचे मॅनेजर सुहास टेप घेऊन माझं माप घेऊन गेले, तेव्हा मला काहीही वाटलं नाही. काही वाटून घेणं मी बऱ्याच वर्षांपूर्वी बंद केलं होतं.

पण आत्मवृत्त म्हटलं की जन्मापासून सांगावं लागतं. दक्षिणेतल्या एका कारखान्यात मी तयार झाले. पहिले मालक फौजी होते. त्यांनी मला विकलं आणि मी मावळातल्या कान्हे गावी हनुमंत आबांच्या घरी आले. तेव्हा ते आबा नव्हते, नुसते हनुमंत होते आणि त्यांना मिशीही धड फुटली नव्हती. पुढची तीस वर्षं मी दुधाचे चार कॅन लटकवून रोज पहाटे लोणावळ्याला गेले. धुकं इतकं असायचं, की आपण पोचलो हे चहाच्या वासावरून कळायचं.

त्या काळात माझी फार ख्याती झाली. ‘ही गाडी फक्त हनुमंताचंच ऐकते,’ असं लोक म्हणत. कामशेतच्या बाजारात पैलवान किक मारून दमत आणि मग हनुमंत येऊन एका किकमध्ये मला चालू करत. लोक टाळ्या वाजवत. कुत्र्याला असते तशी मला मालकाची ओळख आहे, असं सगळ्यांचं ठाम मत होतं.

मित्रांनो, खरं सांगते, मी कुणाचंच ऐकत नव्हते. मला कान नाहीत. माझ्या पोटात एका गोल झाकणाखाली सीबी पॉइंट नावाचा एक चिमुकला भाग होता. तो उघडला की ठिणगी पडायची. त्याची फट केसाएवढी इकडेतिकडे झाली, तरी ठिणगी भलत्याच वेळी पडे. कामशेतचे मिस्त्री भिकाजी ती फट विडीच्या बंडलाचा कागद घालून मोजत. कागद सुटला तर बरोबर, फाटला तर पुन्हा. मग विडी. या पद्धतीत मी चालू होणं हा बराचसा नशिबाचा भाग होता आणि ते नशीब कसं पकडायचं, ते फक्त हनुमंतांच्या उजव्या पायाला ठाऊक होतं.

आबांचं माझ्यावर प्रेम होतं, यात वाद नाही. बैलजोडी विकली त्या वर्षी भादवी पोळ्याला शिंगांसाठी आणलेला रंग घरात तसाच उरला. संध्याकाळी आबांनी ब्रश घेतला आणि तो रंग मला दिला. हेडलाइटवर कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास काचेला टेकवला. शालूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून म्हणाल्या, “आता तिला गावातनं मिरवून आणा, म्हंजे लोकास्नी खात्री पटंल.” आबांनी खरंच मिरवून आणलं. तेव्हापासून दर पोळ्याला मला रंगाचा एक हात मिळे. तेरा पोळ्यांत तेरा हात, नट-बोल्टांसकट.

चौदावा मिळाला नाही. त्याआधीच श्रावणात एका सकाळी पॉइंटची फट बिघडली, ठिणगी वेळेआधी पडली आणि किक उलटी आली. तिने आबांचा गुडघा मोडला. कॅन कलंडले, दूध रस्त्यावरून गटारात गेलं. आबा रस्त्यात बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढे नऊ वर्षं मी गोठ्यात उभी होते. माझ्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स टाकलेला होता, त्यामुळे त्या काळात रोजच माझा वाढदिवस होता. सीटवर कोंबडी अंडी घालायची. आबा समोरच्या बाजेवर बसून रेल्वेकडे बघायचे. गाडी आली की बघायचे, गेली की न आलेल्या गाडीकडे बघायचे. शालूबाईंनी विचारलं, “चा टाकू का?” तर “टाक,” म्हणायचे आणि प्यायचं विसरायचे. आम्ही दोघे बधीर झालो होतो. मी निदान लोखंडाची होते.

अशात सुहास मॅनेजर आले आणि आबा माझं बेसिन करायला ‘व्हय’ म्हणाले.

प्रेरणा ड्युटीवरून आली ती हे ऐकून उंबऱ्यातच थांबली. ही आबांची मुलगी. नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात ती वायरिंगच्या लाइनवर काम करते. लहानपणी ती माझ्या टाकीवर बसून लोणावळ्याला यायची.

“आबा, लोक हिच्यात चुळा भरणार?”

“भरू दे. हितं तरी काय करती?”

“मला द्या. मी चालवते.”

“ती तुझं ऐकायची न्हाई. माझ्याबिगर कुणाचंच ऐकत न्हाई ती.” हे बोलताना नऊ वर्षांत पहिल्यांदा आबांचा आवाज जरा चढला.

“रविवारी टेंपो यायच्या आत माझ्या किकनं चालू झाली तर?”

आबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “झाली तर तुझी. न्हाई झाली तर चुळा.”

प्रेरणाने एक इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवलं. मित्रांनो, हे म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी, एक सेन्सर आणि एक चुंबक. पॉइंट नाही, फट नाही, विडीचा कागद नाही. ठिणगी कधी पाडायची ते डबीच ठरवते आणि किक उलटी येत नाही. शनिवारी सुट्टी होती. तिने कोंबडीला उठवलं, प्लग आणि कार्बोरेटर साफ केले, टाकीत ताजं पेट्रोल भरलं, गोल झाकण उघडलं आणि माझा पॉइंट काढून फडक्यावर ठेवला. इतकी वर्षं पोटात बसून माझ्यावर राज्य करणारा तो, नखाएवढा निघाला.

भिकाजी मिस्त्री बघायला आले होते. त्यांनी डबी कानाशी हलवून पाहिली. “आत काय हाय ते दिसत न्हाई. अशा वस्तूवर इस्वास कसा ठेवायचा, पोरी?”

“काका, तुमच्या पोटातलं तरी कुठं दिसतं?”

“म्हनून तर डॉक्टरकडं जात न्हाई.”

दुपारपर्यंत सगळं बसलं. नवी बॅटरीही लागली. स्विच फिरवला की सेन्सरवरचा लाल दिवा लागायला हवा होता. लागला नाही. प्रेरणाने एकेक वायर तपासली. बॅटरीची काळी वायर, अर्थिंगची, तिने सांगाड्याच्या बोल्टला आवळली होती. रंगातून वीज जात नाही, म्हणून तिथला रंग तिने आधीच पॉलिश पेपरने घासला होता आणि खाली चकचकीत पांढरा धातू दिसत होता. म्हणजे तिथे काही चूक नव्हती. मग डबीच खराब.

“मी म्हनलं न्हवतं?” भिकाजी समाधानाने म्हणाले आणि विडी प्यायला बाहेर गेले.

प्रेरणा जमिनीवर बसली. हातातला पाना तिने हळूच खाली ठेवला. दुसरं किट रविवारच्या आत येणार नव्हतं.

आबा बाजेवरून सगळं बघत होते. त्यांची नजर त्या पांढऱ्या धातूवर खिळली होती. मित्रांनो, तो धातू नव्हता. ते मला ठाऊक होतं आणि आबांना ठाऊक होतं. मला बोलता येत नाही आणि आबांना बोलायचं नव्हतं. गप्प बसले असते, तर गाडी फक्त हनुमंताचंच ऐकायची हे कायमचं खरं राहिलं असतं. लोणावळ्यात हात धुणाऱ्यांनाही कुणीतरी ते सांगितलं असतं.

एक लोकल गेली. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“ती चांदी खरी न्हाई,” ते म्हणाले.

“काय?”

“रंग हाय त्यो. शाळंच्या फाटकाचा उरलावता. त्या पोळ्याला दुकानात दुसरा गावलाच न्हाई.”

मग ते बाजेवरून उतरले. कुडाला खोचलेलं खुरपं घेतलं, गुडघा लांबवून माझ्यापाशी बसले आणि खरवडू लागले. पांढऱ्याखाली निळा निघाला, त्याखाली हिरवा, मग पिवळा, पुन्हा हिरवा. एकेक पोळा पापुद्र्यासारखा सुटून त्यांच्या धोतरावर पडत होता. सगळ्यात खाली लाल होता, बैलांच्या शिंगांचा. तिथे त्यांचा हात थांबला. प्रेरणा म्हणाली, “आबा, राहू द्या, दुसरा बोल्ट बघू.”

“गप बस,” आबा म्हणाले आणि तोही खरवडला.

खाली लोखंड होतं. दिसायला अगदीच साधं. प्रेरणाने वायर आवळली, स्विच फिरवला आणि लाल दिवा लागला. त्याच्या उजेडात ती सेन्सरची खूण जुळवत बसली. आबा तोंड धुवायला गेले, ते बराच वेळ धूतच राहिले.

रविवारी टेंपो आला, दोर आले, सुहास मॅनेजर आले. प्रेरणाने चप्पल नीट केली आणि किक मारली. एकच. मी चालू झाले.

सुहास म्हणाले, “मी एक मारून बघू?” त्यांच्या किकनेही झाले. टेंपोच्या ड्रायव्हरच्याही झाले. भिकाजींच्या झाले, तेव्हा त्यांनी विडी कानावर ठेवून मला नमस्कार केला. शेवटी शालूबाई पदर खोचून पुढे आल्या. मी त्यांच्याही किकने चालू झाले.

“एवढंच व्हय?” त्या आबांकडे वळल्या. “ह्याच्यासाठी चाळीस वर्सं तोरा?”

सगळे हसले. आबा हसले नाहीत, पण चहा मात्र त्यांनी गरम असताना प्याला. सुहास रिकाम्या हाती जायला तयार नव्हते. त्यांनी गुरांच्या पाण्याची दगडी डोण बघून ठेवली. “हिचं बेसिन मस्त होईल!” शालूबाई म्हणाल्या, “ती आदीपासनं बेसिनच हाय की.”

टेंपो गेल्यावर प्रेरणा माझ्यावर बसली. “आबा, चला. लोणावळ्याला जाऊन येऊ.”

आबा माझ्या पुढून फिरून मागे आले. मित्रांनो, माझी मागची सीट त्यांनी चाळीस वर्षांत हजार वेळा पुसली होती, पण तिच्यावर ते कधी बसले नव्हते. दुखरा पाय हाताने उचलून त्यांनी पलीकडे टाकला. मग हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग सीटखाली धरायला काही आहे का ते चाचपलं. शेवटी एक हात त्यांनी मुलीच्या खांद्यावर ठेवला, गरम तवा असावा इतक्या बेताने.

मला काही वाटलं का, असं तुम्ही विचाराल. सांगता येत नाही. नऊ वर्षांची सवय एका किकमध्ये जात नाही.

एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला झाकून ठेवू नका, चालवा. आणि ती ज्याची होती तो माणूस तुमच्या मागे बसला असेल, तर कार्ल्याच्या पुढे रस्ता खराब आहे, तिथे गाडी सावकाश घ्या.