न ऐकू येणारी किणकिण

"वहिनी, ती झांज खाली घ्या. कानात सुई टोचतेय," नणंद म्हणाली.

"एवढीशी तर आहे," म्हणत वहिनींनी संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची पट्टी आणखी वर सरकवली.

नणंदेनं कानांवर हात ठेवले. मग हळूच विचारलं, "तुम्हाला ती नीट ऐकू येते का?"

प्रश्न वर्मी लागला. बावीस वर्षं वहिनी रुग्णालयात श्रवणचाचणी घेत होत्या. काचेपलीकडच्या माणसाच्या कानात जाडे-बारीक सूर सोडायचे आणि त्याला काय ऐकू येतं त्याचा आलेख काढायचा, हे त्यांचं काम.

नणंद पंधरा वर्षं गावोगावच्या क्लबांत संगीत वाजवत फिरली होती. घरच्यांनी ती वाया गेली असं ठरवूनच टाकलं होतं. पाच महिन्यांपूर्वी ती दोन काळे स्पीकर घेऊन परतली आणि मागच्या खोलीत राहू लागली. "आत कपडे कोण आपटतंय?" असं वहिनींच्या नवऱ्यानं विचारलं, तेव्हा वहिनी आवाज कमी कर म्हणून सांगायला आत गेल्या.

नणंदेनं एक साधा, गुळगुळीत सूर लावला. "अगं, हा तर आमच्या यंत्रातला," वहिनी म्हणाल्या. नणंदेनं तोच सूर डोळ्याचं पातं लवायच्या आत वरून खाली घसरवला. धप्प! ढोल वाजला. वहिनी दारातच थबकल्या. इतकी वर्षं रोज हाताळलेल्या सुराच्या पोटात ढोल होता आणि आपल्याला पत्ताच नाही! त्या बसल्या, त्या बसल्याच.

या प्रकाराला डब टेक्नो म्हणतात, हे त्यांना तेव्हा कळलं. एकसारखे ठोके, वर एखादाच स्वरमेळ, आणि त्याचे प्रतिध्वनी विरत जाताना ऐकायचे. सात-आठ मिनिटं बाकी फारसं काही घडत नाही. पण ते 'काही नाही' नीट जमायला वहिनींना चार महिने लागले.

नणंदेच्या त्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतःच काचेपलीकडे जाऊन बसल्या. हाताखालच्या मुलीनं आलेख पुढे ठेवला. जाड्या सुरांची रेघ सरळ होती, बारीक सुरांकडे मात्र ती तळघराच्या पायऱ्यांसारखी खाली उतरत गेली होती.

"वयाचं आहे हो, ताई. बोलणं ऐकायला काही अडचण नाही."

हेच वाक्य वहिनींनी आजवर शेकडो लोकांना सांगितलं होतं.

"मी थांबते आता," घरी येऊन त्या म्हणाल्या.

नणंदेनं कागद निरखला. "खालचं तर माझ्याहून चांगलं ऐकू येतंय तुम्हाला. वरचं माझ्या कानांनी ऐका. त्यात काय?"

महिनाभर दोघी तशाच बसल्या. ठोके वहिनींनी घडवले, झांज नणंदेच्या कानानं बसवली. शेवटी सहाव्या मिनिटाला वहिनींनी एकच अगदी बारीक किणकिण घातली, निव्वळ पडद्यावरचे आकडे बघून.

"तुम्हाला ऐकूच येणार नाही ती," नणंद म्हणाली.

"मला येत नाही म्हणून तिनं असूच नये का?"

रविवारी दुपारी एका जुन्या गोदामात नणंदेनं ती रचना लावली. चाळीसेक माणसं होती. पहिला ठोका जमिनीतून वहिनींच्या पोटऱ्यांत शिरला. अनोळखी लोक डोळे मिटून डुलत होते, आणि त्यांना डुलवणारं ते मागच्या खोलीत बसून आपण केलेलं होतं. वहिनींच्या अंगावर काटा आला. त्यांनी नकळत नणंदेचा हात धरला.

सहावं मिनिट लागलं. नाचणारे क्षणभर थबकले. एका मुलीनं डोळे उघडून छताकडे पाहिलं, मग आणखी दोघांनी. वहिनींनीही वर पाहिलं.

"आली?" त्यांनी विचारलं.

"आली."

वहिनी तशाच वर बघत राहिल्या. किणकिण विरली, तेव्हा नणंदेनं त्यांचा हात हलकेच दाबला.