बाकीचे सगळे बरे

बेरीज जुळली नाही की माझं डोकं फिरतं. वृद्धाश्रमातल्या साथीचं मॉडेल मीच लिहिलं होतं. दोनशे बारा माणसं आणि तीन रकाने: निरोगी, आजारी, बरे झालेले. प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा रोज सकाळी ताप कळवायचा आणि माझा प्रोग्रॅम त्यावरून तक्ता काढायचा. नर्स तो तक्ता बघून फिरायच्या. आजाऱ्यांकडे दिवसातून तीनदा, निरोग्यांकडे एकदा. बरे झालेल्यांनी खाली येऊन जेवायचं, त्यांच्या खोलीत कोणी जायचं नाही, आणि जेवायला कोण आलं ते कोणी मोजायचं नाही.

सत्तावीस नंबरच्या खोलीत माझी आत्या होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तीन दिवस ती फोन उचलत नव्हती. रविवारी मी फोन करायला विसरले म्हणून बाईसाहेब रुसल्या असणार, असं मी धरून चालले. तक्त्यात ती बरी दिसत होती ना!

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्याला आम्ही शंकासुर म्हणतो. दुपारी त्यानं माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे सात जण बरे झालेत. पण आजारी कधी होते?"

"असतील की मागच्या आठवड्यात."

"बघ ना. एकदाही नाहीत. आजारी न पडता बरे कसे झाले गं?"

मी वैतागले, पण बघायला बसले. आधी वाटलं, नेहमीचीच चूक असेल, एखाद्या दिवसाचे आजारी मोजायचे राहिले असतील. तसं नव्हतं. पहिल्या दिवसापासून सगळे तक्ते पुन्हा काढून पाहिले. तरी ते सात जण तिथंच.

"प्रोग्रॅममधली ही ओळ कुणाची?" शंकासुरानं विचारलं.

माझीच. चार दिवसांपूर्वी बेरीज दोनशे अकरा आली होती. एक माणूस कुठं गळला ते शोधायचं सोडून मी शॉर्टकट मारला होता: जो निरोगी नाही आणि आजारीही नाही, तो बरा. बेरीज झटक्यात जुळली आणि मी खुशाल चहाला गेले.

ज्याचा पट्टा काहीच कळवत नव्हता, त्याला माझी ओळ बरा ठरवत होती. त्या दिवशी असा एकच होता, आता सात झाले होते.

मी ती ओळ काढली. सात खोल्यांचे नंबर उरले. त्यात सत्तावीस होता. मी आश्रमात फोन लावून सत्तावीस नंबरचं विचारलं.

"तुमच्या आत्या ना?" नर्स म्हणाली. "बऱ्या आहेत की!"

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"तक्त्यात आहे ना तसं."

"तक्ता राहू द्या. खोलीत जा. आत्ताच्या आत्ता, फोन चालू ठेवून."

जिना चढल्याचा आवाज आला. मग दारावर थाप. पुन्हा थाप. मग कुलपात किल्ली फिरली. मी वेड्यासारखी "आत्या, आत्या" करत होते. पलीकडे खिडकी सताड उघडल्याचा आवाज आला.

"ताई," नर्स म्हणाली. "बाकीच्या सहा खोल्यांचे नंबर सांगा."