मिटल्या डोळ्यांचा कुत्रा

प्लास्टर घट्ट होताना साचा गरम होतो. धाकटी जाऊ तेवढा वेळ त्यावर तळहात ठेवून बसायची आणि थोरली रंगाच्या टेबलावरून विचारायची, "डोळा लागला का गं?"

"माझा नाही, ताई. याचा लागलाय."

दोघींचा कारखाना म्हणजे घराची मागची खोली. धाकटी बसलेल्या कुत्र्याच्या रबरी साच्यात प्लास्टर ओतायची, बुडबुडे निघावेत म्हणून बाहेरून टपल्या मारायची. थोरली कुत्रे घासूनपुसून रंगवायची. मूळचा कुत्रा सासऱ्यांनी मातीत घडवला होता, साचाही त्यांच्याच हातचा. आता त्यांची नजर अधू झाली होती, हात थरथरत. ते पलीकडच्या खोलीत पडून असत.

त्या दुपारी थोरलीने ब्रश खाली ठेवला. साचा पार झिजला होता. कान बोथट आले होते, केसांच्या रेघा पुसट, आणि डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा. तिथे ओढूनताणून काढलेले डोळे दचकल्यासारखे दिसत. तीनदा पुसून झाले होते.

"नवा साचा लागणार. मामंजींना कोण सांगणार?"

"तुम्ही थोरल्या."

"एरवी बरं आठवत नाही तुला ते."

शेवटी दोघी गेल्या. सासरे उठून बसले. थोरलीने साच्यातून नुकताच काढलेला कोमट कुत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचा अंगठा कपाळावरून कानांवर गेला, मग डोळ्यांवर थांबला. खिडकीचा पडदा फुगत होता, बसत होता.

"म्हातारा झाला की," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षी अस्साच दारात बसून पेंगायचा. हाक मारली तर शेपूट हलायची, डोळे काही उघडायचे नाहीत."

"म्हणजे खरा होता हा?"

"मग काय, स्वप्नातला?"

चौदा वर्षं थोरली हाच कुत्रा रंगवत होती. दुकानदार सांगेल तसा, कधी काळा, कधी ठिपक्यांचा. "रंग कोणता होता?" तिने हळूच विचारलं.

"धुळीचा. तोंड तेवढं पांढरं झालं होतं."

टेबलाशी परत येऊन तिने दुसऱ्या एका कुत्र्यासाठी धुळीचा रंग कालवला. तोंडावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला आणि दोन्ही उंचवट्यांखाली एकेक बारीक, वाकडी रेघ ओढली. श्वास रोखून, जागा होईल की काय अशा बेताने. धाकटी साचा धुवायची थांबून बघत राहिली.

दुकानदाराने नाक मुरडलं. "झोपाळू कुत्रा राखणीला काय कामाचा?" तरी चार नेले. आठ दिवसांनी तो आणखी बारा मागायला आला. "लोक हातात घेतात आणि हळू बोलायला लागतात," असं सांगताना त्याचाही आवाज खाली आला होता. नव्या साच्याचा विषय मग मागे पडला.

मांडीवर ठेवलेला तो पहिला कुत्रा सासऱ्यांनी परत दिलाच नाही. थोरली एकदा रंग घेऊन गेली, तेव्हा तो त्यांच्या उशीपाशी होता, पांढराच.

"रंगवून देऊ का, मामंजी?"

"राहू दे," ते डोळे न उघडता म्हणाले. "मला दिसतोय तो."