बिनआवाजाची बॅट

निवड संध्याकाळी होती, पण ताईचा जीव दुपारपासूनच थाऱ्यावर नव्हता. निवड तिची नव्हतीच मुळी! शाळेच्या सॉफ्टबॉल संघात तिची जागा केव्हाच पक्की झाली होती. प्रश्न होता मुंगीचा, तिच्या धाकट्या बहिणीचा. "हिला मी तयार करते मॅडम, बघाच तुम्ही!" असं अख्ख्या संघासमोर ताईच बोलून बसली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जिभेला तरी हाड असावं की नाही!

मैदानाच्या कोपऱ्यात ती मुंगीला चेंडू टाकत होती. मुंगीची उभं राहायची ढब झकास होती. गुडघे सैल, नजर चेंडूवर. पण बॅट निघायची वाघासारखी आणि पोचायची मांजरासारखी. ऐन वेळी ब्रेक! चेंडू पुटकन पायाशी.

"अगं, आधी कंबर, मग हात! टाच उचल, चवड्यावर वळ!"

"वळतेय की."

"डोंबल वळतेयस! दुधाचं पातेलं उतरवतेयस जसं काही."

"ताई, तू ओरडलीस की मला सुचत नाही."

"मी कुठे ओरडतेय?" ताई ओरडली.

ती दोन येरझाऱ्या घालून आली. मग बॅट हिसकावून तिने स्वतःच फिरवून दाखवली. सूंऽऽ! मुंगी दचकली.

"हळू ना, बाबा उठतील!" ती बोलून गेली आणि ओशाळली.

बाबा छापखान्यात रात्रपाळीला जायचे आणि दिवसा झोपायचे. त्यांची खाट आणि कपाट यांच्यामधल्या बोळकांडीत मुंगी रोज सराव करायची. "घरी कर सराव," असं फर्मान सोडून ताई मात्र मैदानावर पसार!

"म्हणजे आवाज होऊ नये म्हणून तू मध्येच थांबवतेस?"

"एकदा झाला होता. बाबांना मग झोपच लागली नाही. आता बघ, अजिबात होत नाही!" मुंगीने अभिमानाने सांगितलं.

ताईने कपाळाला हात लावला. मग चेंडू पायाने बाजूला सारले आणि बॅट मुंगीच्या हातात परत दिली.

"आता चेंडू नकोच. नुसता आवाज काढ. आणि तो इथे, पुढे, चेंडू भेटतो तिथे यायला हवा."

फुस्स. पुन्हा फुस्स. मग एकदा कसाबसा सूं आला, आणि तेवढ्यात निवडीसाठी मॅडमची शिट्टी वाजली.

मुंगीची पाळी आली तेव्हा ताई रेषेबाहेर नुसती थयथय नाचत होती.

"तू खाली बस गं, अंगात वारं शिरलंय का?" मॅडम म्हणाल्या.

पहिला चेंडू आला. तोच जुना ब्रेक. ताईने ओरडायला तोंड उघडलं आणि स्वतःच्याच हाताने दाबून धरलं. पुढच्या चेंडूला मुंगीने डोळे मिटून अशी बॅट फिरवली, की चेंडू राहिला बाजूला आणि ती गरकन फिरून मातीत बसली. पोरी खिदळल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"टाक गं, तिला अजून एक टाक."

ठण्ण! चेंडू टाकणाऱ्या पोरीच्या डोक्यावरून लांब, लांब गेला. आणि मुंगी? बॅट छातीशी धरून, मान वळवून, कुणी जागं झालं का ते बघत जागच्या जागी उभी!

"पळ ना बये, पळ!" ताई किंचाळली.

"हिला पळायला शिकवायचं राहिलं वाटतं," मॅडम म्हणाल्या. "असू दे. ते मी शिकवेन. उद्यापासून पाठव."